गोंगाट, पाठ आणि दुरुस्ती : अल्पक्षेत्र चुंबकीय प्रतिमांकनासंबंधी

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे दिसू लागताच त्यांच्या प्रवाहाने या नोंदी दूषित होतील, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले आणि निरीक्षणे अलिबागला हलविली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे जुनी व नवी मालिका परस्परांशी ताडून जोडता आली. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. दोन प्रतींचा हा मेळ पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परका वाटणार नाही.

गोंगाटापासून दूर जाण्याची ही सोय दवाखान्याला मात्र नसते. चेन्नईतील टी. नगरचे उदाहरण घेऊ. पश्चिमेस मांबलम स्थानकावरून जाणारा लोहमार्ग १९३१ पासून विद्युतचलित आहे. शेजारी रंगनाथन स्ट्रीटची दाट बाजारपेठ, उद्वाहक, विद्युतजनित्रे, असंख्य दिवे. अशा वस्तीत एम. आर. आय. यंत्र बसवायचे तर तांब्याने मढविलेली बंदिस्त खोली लागते. खर्च केवळ यंत्राचा नसतो, तो या मौनाचाही असतो.

चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनची केंद्रके ठरावीक वारंवारतेने परांचन करतात आणि त्यांचा क्षीण संदेश वेटोळ्यात टिपला जातो. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, ०.०५५ टेस्लाच्या यंत्रात अवघी २.३. क्षेत्र घटले की संदेशही घटतो आणि वेटोळ्याच्या तारेतील उष्णताजन्य गोंगाट वरचढ होऊ लागतो. मोजणी चौपट केल्यास स्पष्टता फक्त दुप्पट होते. त्यावर बाहेरचा उपद्रव : विद्युतपुरवठ्याचे ५० हर्ट्झचे स्पंदन या पट्ट्यापासून फार दूर आहे, परंतु ठिणग्या आणि झपाट्याने उघडझाप करणारी विद्युतसाधने मेगाहर्ट्झपर्यंत गोंगाट पसरवितात. रुग्णाचे शरीरही आकाशकासारखे तो गोळा करून आत आणते. खोलीच नसेल, तर कान कसा टिकावा?

हाँगकाँग विद्यापीठातील एड वू यांच्या गटाने २०२१ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, ते कुलाबा-अलिबागच्या रीतीची आठवण करून देणारे आहे. यंत्राभोवती काही जादा वेटोळी ठेवायची. केंद्रकांचा संदेश विरल्यानंतरच्या काळात मुख्य वेटोळ्यासह ती सर्व केवळ गोंगाट ऐकतात, आणि त्यांच्यातील संबंध संगणक शिकून घेतो. मग प्रत्यक्ष संदेशाच्या वेळी बाजूच्या वेटोळ्यांवरून मुख्य वेटोळ्यात किती गोंगाट शिरला असेल, हे काढून तो वजा केला जातो. बंदिस्त खोलीविना, भिंतीतल्या साध्या विद्युतजोडणीवर मेंदूची प्रतिमा मिळाली ती अशी.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळावयास हवा, आणि माझ्या मते चर्चेत तो वारंवार पुसला जातो. वरील वजाबाकी साक्षींवर उभी आहे : त्याच वेळी, त्याच जागी ऐकलेल्या गोंगाटावर. उलट इतर अनेकांच्या मेंदूंच्या सुस्पष्ट प्रतिमांवरून शिकून अंधूक प्रतिमा 'सुधारणारी' संगणकीय रीत ही अनुमानित पाठदुरुस्ती आहे. ती सुबोध पाठाकडे झुकते. आणि दुर्मीळ विकृती हा तर दुर्बोध पाठच. लेखनिकाने अनोळखी शब्द ओळखीचा करून टाकावा, तसा येथे एखादा बारीक डाग नाहीसा होऊ शकतो किंवा नसलेला उमटू शकतो, आणि हे सारे नितळ पृष्ठावर घडत असल्यामुळे वाचणाऱ्याला संशयही येत नाही. म्हणून सुधारित प्रतिमेबरोबर मूळ मापने जपून ठेवण्याची मागणी ही तांत्रिक बारकाव्याची बाब नव्हे.

कुलाब्यातही सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद झाली होती. इतकी मोठी घसरण अविश्वसनीय म्हणून कोणी 'दुरुस्त' केली नाही. २००३ मध्ये सुरुतानी, लाखिना प्रभृती संशोधकांनी त्या वादळाची तीव्रता अजमावली, ती याच आकड्यांवरून.