घटस्फोट, धडधड आणि देवाचा राग

‘डॉक्टर, माझं हार्टचं काहीतरी आहे, कार्डिओग्राम काढा,’ असे सांगत येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या बायकांचा कार्डिओग्राम बहुधा चांगलाच निघतो. छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, अन्नावरची वासना गेलेली. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही ठीक असते. मग ‘घरी सगळं बरं ना?’ असे विचारले की मान खाली जाते. घटस्फोटाचा निकाल लागून वर्ष झालेले असते आणि आईखेरीज कोणाला ते सांगितलेले नसते. (पुरुषही येतात, पण ते ॲसिडिटी सांगतात!)

हे ढोंग नव्हे. होम्स आणि राहे या डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातील ताणांचे कोष्टक केले. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, तर घटस्फोटाला त्याखालोखाल ७३ गुण आहेत. अशा ताणात शरीर सतत पळण्याच्या तयारीत राहते. ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल वाढतात, त्यामुळे झोप उडते, रक्तदाब चढतो आणि मधुमेह असेल तर साखर हाताबाहेर जाते.

आज लिहायचे आहे ते यातल्याच एका वेगळ्या दुखण्याविषयी. आमच्या हर्णै-दापोली भागात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. घटस्फोट झालेल्या ख्रिस्ती पेशंटच्या मनात एक जादा भीती असते, की देवासमोर दिलेले वचन मोडले, आता देवाचा राग आहे. माझ्या एका पेशंटने दोन वर्षे चर्चची पायरी चढली नव्हती. ‘मला कम्युनियन बंद आहे,’ असे ती सांगे. मी ख्रिस्ती नाही, म्हणून एका फादरना विचारले. ते म्हणाले, असे मुळीच नाही. कॅथलिक नियमानुसार केवळ कोर्टाचा घटस्फोट झाला म्हणून कोणी चर्चबाहेर जात नाही, कम्युनियनही बंद होत नाही. पहिला विवाह चर्चने रद्दबातल ठरवण्याआधी पुन्हा लग्न केले, तर मात्र प्रश्न येतो. ती पद्धत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सोपी केली. हे तिला कोणी सांगितलेच नव्हते! नातेवाइकांच्या कुजबुजीतून तिने आपली शिक्षा आपणच ठरवून घेतली होती.

श्रद्धा औषधासारखी आहे, ती लागू पडते तशी बाधतेही. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने व सहकाऱ्यांनी आजारी वृद्धांचा दोन वर्षे मागोवा घेतला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘देवाने मला टाकले’ असे वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. उलट अमेरिकेतील सुमारे नव्वद हजार नर्सेसच्या २०१६ च्या अभ्यासात, आठवड्याला निदान एकदा प्रार्थनासभेला जाणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सुमारे पाचपट कमी आढळले. चर्चमुळेच हे घडले असे यावरून सिद्ध होत नाही. पण दर रविवारी कोणीतरी आपली वाट पाहते, न गेल्यास चौकशी करते, याचा परिणाम होत असणार असे मला वाटते. माझ्या पेशंटने आधी मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली. पुढे ती मुलांना गाणी शिकवू लागली. गोळ्या चालूच होत्या. झोप सुधारायला दोन महिने लागले, कोणाशी मोकळे बोलायला वर्ष लागले.

बायबलमध्ये विहिरीवर येशूशी बोलणाऱ्या शोमरोनी स्त्रीला पाच नवरे झालेले होते. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि नंतर तीच गावात जाऊन इतरांना बोलावून आणते. फादरनी तिला ही गोष्ट पुन्हा वाचायला सांगितली. माझ्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा!

आपल्या शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांची दुसरी पत्नी गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली होती. घटस्फोट नव्हे, पण ‘आता हिचे काय’ हा प्रश्न तोच. तिला शिक्षण मिळाले ते पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात. रमाबाईंचे आईवडील, भाऊ, पती असे सारे गेले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी हे सदन काढले. गोदूबाई हिंदूच राहिली. १८९३ मध्ये तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, तेव्हा मुरुडकरांनी दोघांवर बहिष्कार घातला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी निराधार स्त्रियांना छापखाना, विणकाम, शेती शिकवली. प्रार्थना होतीच, पण हाताला कामही होते. डॉक्टर म्हणून मला हा भाग फार पटतो.

कायद्याचेही थोडे सांगतो. २००१ पूर्वी ख्रिस्ती पत्नीला केवळ पतीच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळत नसे, जोडीला क्रूरता किंवा त्याग सिद्ध करावा लागे. पतीला मात्र पत्नीचा व्यभिचार पुरे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने दोघांना समान कारणे मिळाली, परस्परसंमतीचा मार्गही आला. चर्चचा निर्णय आणि कोर्टाचा हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्विवाहासाठी कोर्टाचा कागद हवाच.

प्रार्थनेने बरे वाटू लागले म्हणून नैराश्याच्या गोळ्या एकदम बंद करू नयेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची चटक लागत नाही, चटक लागते ती मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांची. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नको असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येते. आणि घरच्यांनी ‘चर्चला जा’ असे नुसते सांगू नये. रविवारी तिच्याबरोबर जावे, तिच्याच बाकावर बसावे.