नेवार्कचा 'क्रिकेट' आणि आपले जलसे

कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपला परिचय जुना आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. १९७८ साली जनार्दन वाघमारे यांचे 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक आले. त्यानंतर आपल्या चर्चासत्रांतून हा विषय सतत येत राहिला. परंतु आपण त्यांची कविता आणि आत्मचरित्रे वाचली, संगीत मात्र बाजूलाच ठेवले. मला हे अपुरे वाटते. दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. ज्या समाजाच्या हातून अक्षर काढून घेतले गेले, त्याने आपला इतिहास गाण्यात ठेवला. ब्लूज आणि जॅझ यांच्याकडे करमणूक म्हणून पाहिले, तर त्यांच्या साहित्याचे मूळच आपल्या हाती लागत नाही.

म्हणून या संगीताविषयी त्यांनी स्वतः काढलेल्या एका नियतकालिकाची हकिकत इथे मांडतो. त्याचे नाव 'द क्रिकेट'. खेळाशी त्याचा संबंध नाही. क्रिकेट म्हणजे रातकिडा. १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांत त्याचे अवघे चार अंक निघाले. अमिरी बराका (पूर्वीचे लीरॉय जोन्स), लॅरी नील आणि ए. बी. स्पेलमन हे तिघे संपादक. तिघेही कवी आणि तिघेही संगीताचे जाणकार. अंक सायक्लोस्टाईल केलेले होते. आपल्याकडील अनियतकालिके ज्यांनी पाहिली आहेत, राजा ढाले यांचा 'येरू' किंवा नामदेव ढसाळ यांचा 'विद्रोह' ज्यांना आठवतो, त्यांना या प्रकाराची ओळख करून देण्याची गरज नाही.

अंक निघाला ते गाव समजून घेतले पाहिजे. न्यू जर्सी राज्यातील नेवार्क हे कारखान्यांचे शहर. सारा व्हॉन १९२४ साली आणि वेन शॉर्टर १९३३ साली इथेच जन्मले. चार्ली पार्करचे १९४५ सालचे गाजलेले ध्वनिमुद्रण काढणारी सॅव्हॉय ही कंपनीही इथलीच. तिचा मालक गोरा, वाजविणारे बहुतेक काळे, आणि मोबदला देण्याच्या बाबतीत या कंपनीची ख्याती वाईट. १९६७ पर्यंत शहरातील बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची झाली होती, तरी नगरपालिका आणि पोलीस गोऱ्यांच्याच ताब्यात होते. त्या वर्षीच्या जुलैत पोलिसांनी एका काळ्या टॅक्सीचालकाला मारहाण केली आणि शहर पेटले. २६ माणसे मेली. त्या दंगलीत पोलिसांनी बराका यांचे डोके फोडले आणि त्यांच्यावर शस्त्रे बाळगल्याचा खटला भरला. पुढे ते त्यातून सुटले. 'क्रिकेट' निघाला तो या दंगलीनंतरच्या वर्षी.

पण संगीताचेच नियतकालिक का? याचे उत्तर बराका यांनी आधीच देऊन ठेवले होते. 'डाउन बीट' हे जॅझचे प्रस्थापित मासिक १९३४ पासून शिकागोहून निघत असे. त्याच मासिकात १९६३ साली बराका यांनी 'जॅझ आणि गोरा समीक्षक' या आशयाचा लेख लिहिला. वाजविणारे बहुतांशी काळे आणि समीक्षक जवळजवळ सगळे गोरे, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. हे समीक्षक सुरांचे मोजमाप करतात. तो सूर ज्या जगण्यातून आला त्याकडे मात्र पाहत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. मराठी समीक्षेने दलित साहित्याला लावलेले निकष आठवून पाहा. 'कलात्मकता कमी पडते', 'प्रचारकी आहे', 'आक्रस्ताळे आहे' हे शेरे आपण पुष्कळ ऐकले. नेवार्कच्या सॅक्सोफोनवादकालाही तेच ऐकावे लागत होते. त्याचे वादन म्हणजे नुसता गोंगाट, असे नव्या जॅझविषयी सर्रास लिहिले जाई.

'क्रिकेट'ने दोन गोष्टी केल्या. वादकांना लिहायला लावले, ही पहिली. सन रा, सेसिल टेलर, मिलफोर्ड ग्रेव्हज हे स्वतः वाजविणारे लोक त्यात लिहीत होते. १९६९ च्या अंकात आल्बर्ट आयलरचे बराकांना लिहिलेले एक पत्र आहे. त्यात तो आपल्याला झालेल्या दिव्य साक्षात्काराविषयी सांगतो. एखाद्या शिस्तीच्या संपादकाने ते टोपलीत टाकले असते. दुसरी गोष्ट म्हणजे मैफलींची आणि रेकॉर्डांची परीक्षणे, कविता, राजकीय भूमिका आणि चक्क कानगोष्टी हे सगळे एकाच अंकात शेजारी-शेजारी छापले. मला या कानगोष्टी महत्त्वाच्या वाटतात. कोण कुठे वाजवतो, कोणाचे काय बिनसले, याची खबर वस्तीत फिरते तेव्हाच ती वस्ती कलावंताला आपला मानते.

नावाची गोष्टही याच्याशीच जोडलेली आहे. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन हा जॅझचा आद्य कॉर्नेटवादक. तो न्हाव्याचे दुकान चालवी आणि 'क्रिकेट' नावाचे भानगडी छापणारे पत्रक काढी, असे १९३९ सालच्या 'जॅझमेन' या ग्रंथात सांगितले होते. १९७८ साली डोनाल्ड मार्क्विस यांनी बोल्डनचे चरित्र लिहिताना कसून शोध घेतला, तेव्हा ना दुकानाचा पुरावा मिळाला ना पत्रकाचा. बोल्डन १९०७ साली वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली तिथेच मेला. त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ज्याच्याविषयी त्याच्या माणसांनी वेळीच लिहिले नाही, त्याची दंतकथा होते. बराका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दंतकथेतले पत्रक खरोखरच काढून दाखविले.

या प्रयोगाला मर्यादा होत्या. सोनिया सँचेझ यांच्यासारखी एखादी कवयित्री वगळता अंक पुरुषांचाच आहे. शिवाय नेवार्कमधल्या सामान्य घरात नव्या जॅझपेक्षा जेम्स ब्राउनची गाणी अधिक वाजत. बराका दोन्हींचे मूळ एकच मानत आणि तसे त्यांनी १९६६ साली लिहिलेही होते. तरी लेखातला सिद्धांत आणि घरातला रेडिओ यांच्यातले अंतर चार अंकांत मिटण्यासारखे नव्हते. पुढे १९७४ च्या सुमारास बराका राष्ट्रवाद सोडून मार्क्सवादाकडे गेले. तो वाद आपल्यालाही परका नाही.

आपल्याकडे असे काही काढायचे झाले तर अडचण निराळी आहे. हलगी, डफ, सनई ही वाद्ये गावगाड्याने आपल्या हातात दिली ती कला म्हणून नव्हे, तर वेठ म्हणून. देवाच्या पालखीपुढे वाजवायचे आणि देवळाच्या बाहेर थांबायचे. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेक गावांतील महारांनी हे वाजविणे टाकले, ते योग्यच केले. मांगांच्या हाती हलगी राहिली आणि त्यावरून आपसांत टोमणेही झाले. काळ्या वादकाला ट्रम्पेटचा निखळ अभिमान धरता येतो. आपल्याला हलगीचा अभिमान धरताना आधी तिच्याशी भांडावे लागते. हे भांडण ज्या अंकात येणार नाही तो अंक 'लोककले'च्या गौरवाचा होईल, आणि तसले गौरवअंक सरकारही काढते.

जलशांचे मात्र तसे नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचा साचा घेतला; त्यातली गवळण काढून टाकली आणि चळवळीचा विचार भरला. वामनदादा कर्डकांची गाणी तर वस्तीवस्तीत पोचली. पण पुढे कॅसेटी निघाल्या, तेव्हा कित्येक गाण्यांवर कवीचे नाव आले नाही. ढोलकीवाल्याचे आणि कोरसमधल्या बायांचे नाव तर कोणी विचारलेच नाही. अशा नियतकालिकाचा पहिला अंक मी या नावांपासून सुरू करीन. गायन पार्टीत कोण होते, गाणे कोणाचे, चाल कोठून उचलली, बिदागी किती मिळाली, गावाने जेवायला कुठे बसविले. जुन्या गायकांच्या हस्तलिखित वह्या अजून काही घरांत आहेत. विद्यार्थ्यांनी त्या उतरवून घ्याव्यात आणि शिक्षकांनी शाळेची झेरॉक्स मशीन एखाद्या रविवारी उघडून द्यावी.