बॅकअपच्या पोथीतून एक पान

जपलेली वस्तू आणि गरजेच्या वेळी हाती लागणारी वस्तू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना पुरते ठाऊक असते. संगणकावर लिहिणाऱ्या आजच्या लेखकाला आणि शिक्षकाला मात्र ते बहुधा संकट कोसळल्यावरच उमगते. आम्हांलाही ते तसेच उमगले. तो अनुभव आणि त्यातून हाती आलेली रीत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातील गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हा मराठी भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेला; आमचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. अशा सीमेवर बोलीचे धन छापील पुस्तकांपेक्षा वृद्धांच्या मुखीच अधिक असते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या आणि घरगुती शब्द उतरवून आणले व आम्ही ते एका फाईलमध्ये टंकित करून ठेवले. पुढे तो संगणक निकामी झाला. सांगणाऱ्यांपैकी काही वृद्धा तोवर निवर्तल्या होत्या. त्यामुळे संग्रह नव्याने करण्याची सोय उरली नव्हती. उरला होता तो केवळ बाहेरच्या डिस्कवर २०१६ साली घेतलेला बॅकअप.

बॅकअप दोन प्रकारचे असतात. एकात निवडक फाईली एकेक करून उतरवून घेतात. दुसऱ्यात संपूर्ण डिस्कचीच प्रतिमा, म्हणजे ‘इमेज’, घेतात. पहिला प्रकार म्हणजे पोथीतील हवी ती पाने नकलून घेणे, तर दुसरा म्हणजे वेष्टनासह सारी पोथीच साच्यात ओतणे होय. आमचा बॅकअप दुसऱ्या प्रकारचा होता. तो पाहून एका जाणत्या तंत्रज्ञाने संपूर्ण इमेज नव्या संगणकावर परत बसवावी, असे सुचविले. सल्ला सद्भावनेचा असला, तरी तो घातक होता. इमेज परत बसविली की त्या डिस्कवरचे सध्याचे सारे पुसले जाते. एका पानासाठी नंतरच्या कित्येक वर्षांचे दप्तर आम्ही गमावून बसलो असतो.

याहून सोपा मार्ग आहे. विंडोज ७ ने घेतलेली इमेज ‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाच्या फोल्डरात ‘व्हीएचडी’ प्रकारच्या फाईलींच्या रूपाने असते. डिस्कच्या प्रत्येक विभागाची एक स्वतंत्र फाईल असते, आणि आपले लेखन बहुधा त्यांतील सर्वांत मोठ्या फाईलमध्ये सापडते. संगणकाच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधील ‘ॲक्शन’ या यादीत ‘अटॅच व्हीएचडी’ असा पर्याय आहे. तेथे ती फाईल दाखवून ‘रीड ओन्ली’ची खूण करावी. मग ती इमेज जणू एखादी निराळी डिस्क असावी तशी जोडली जाते, आणि तिच्यातील हवी ती एकच फाईल आपल्याला उचलून घेता येते.

येथे सामान्यतः तीन अडचणी येतात. पहिली म्हणजे इमेज जोडली जाते, पण दिसत नाही. अशा वेळी तिला ड्राइव्हचे अक्षर मिळालेले नसते. ते हाताने द्यावे. दुसरी अडचण जुळ्या भावंडांची. ज्या डिस्कची इमेज, तीच डिस्क त्या संगणकात असेल, तर दोघींची ओळखखूण एकच ठरते व संगणक दुसरीला ‘ऑफलाइन’ ठेवतो. खूण बदलण्याच्या खटपटीत न पडता इमेज दुसऱ्या संगणकावर जोडावी, हे उत्तम. तिसरी अडचण ‘परवानगी नाही’ या उत्तराची. फोल्डर जुन्या वापरकर्त्याच्या मालकीचे असते, आणि केवळ वाचण्यासाठी जोडलेल्या इमेजमध्ये ती मालकी बदलता येत नाही. तेव्हा इमेजची आणखी एक प्रत करावी, ती लिहिता येईल अशी जोडावी आणि त्या प्रतीतच मालकी आपल्याकडे घ्यावी. मूळ इमेजला हात लावू नये. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर मात्र तिची ४८ अंकी किल्ली आधी जवळ हवी, ती हरवल्यास यांतला कोणताही उपाय चालत नाही.

या पायऱ्या ओलांडून आमची फाईल निघाली, उघडलीही. परंतु पडद्यावर दिसली ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग. फाईल बिघडली, असेच प्रथम वाटले. वस्तुतः ती शाबूत होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे अनेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत असत. तो विशिष्ट फाँट नसेल, तर मजकूर असूनही वाचता येत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीतील ग्रंथांचे असेच झाले होते. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेले ते वाङ्मय शतकानुशतके शाबूत होते, पण पंथाबाहेरच्यांना मुके होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी किल्ली शोधली, तेव्हा ते बोलू लागले.

आमची किल्ली कोठे सापडावी? त्याच इमेजमध्ये, विंडोजच्या ‘फाँट्स’ या फोल्डरात! केवळ फाईलींची नक्कल ठेवली असती, तर फाँट मागेच राहिला असता. संपूर्ण इमेजचे खरे मोल आम्हांला त्या क्षणी कळले. तो फाँट बसविताच ओव्या पुन्हा देवनागरीत उभ्या राहिल्या. पुढे त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केले; तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हे ठिकठिकाणी जागा सोडून बसले होते. म्हणून हयात असलेल्या वृद्धांना एकेक ओळ वाचून दाखविली व त्यांच्या कानांच्या साक्षीने मजकूर शुद्ध केला. यंत्राने परत केलेला मजकूर माणसाने वाचून पारखल्याखेरीज खरा मानू नये, असे आमचे मत आहे.

घेतलेला बॅकअप कपाटात आहे, एवढ्यावर विसंबणे म्हणजे न उघडलेल्या पोथीची पूजा करणे होय. त्यातून एखादी फाईल काढून, उघडून, वाचून पाहिली, तरच तो बॅकअप. आमच्या शाळेत आता दरवर्षी २७ फेब्रुवारीस, मराठी भाषा गौरव दिनी, विद्यार्थी जुन्या इमेजमधून एक फाईल बाहेर काढतात आणि तीतील एक ओवी सर्वांसमक्ष वाचतात. ज्यांच्या आजीची ती ओवी असते, त्यांना त्या दिवशी या खटाटोपाचे कारण विचारावे लागत नाही.