साखरेपासूनच, पण साखर नव्हे

दसरा सरला की धारूर, वडवणी, पाटोद्याकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, कोल्हापूर-सांगलीच्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांकडे निघतात. मोळ्या वाहून कंबर धरली तरी खाडा परवडत नाही, म्हणून अंगदुखीची गोळी, तीही उपाशीपोटी. मग छातीखाली आग पडते आणि कुणीतरी सांगतं, खडीसाखर चघळ.

पण गोळीने पोटात झालेली जखम साखरेने भरत नाही. लहान आतड्यात तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन ते रक्तात जातात. जखमेपाशी थांबायला काही उरतच नाही. गूळ ‘औषधी’ म्हणून खाल्ला तरी तेच.

पण याच साखरेच्या रेणूपासून जखमेवर बसणारं औषध तयार होतं, सुक्राल्फेट. रेणूवरच्या 8 हायड्रॉक्सिल जागी सल्फेट बसवून त्याला ॲल्युमिनियमची जोड देतात. जठराच्या आम्लात त्याचा चिकट लगदा होतो आणि तो उघड्या व्रणातल्या प्रथिनांना धरून बसतो. आम्ल खालपर्यंत पोचत नाही. अमेरिकेत त्याला 1981 मध्ये मान्यता मिळाली. जेवणाबरोबर घेतलं तर ते अन्नातल्या प्रथिनांनाच चिकटतं, म्हणून तासभर आधी, रिकाम्या पोटी घ्यायचं.

साखरेपासून केलंय म्हणून मधुमेह्याने त्याला हातच लावू नये, असंही नाही. तो रेणू पचत नाही, शोषलाही जातो अगदी थोडा. तरी त्याचं पातळ औषध (सायरप) घेताना मधुमेह्याने डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंड अधू असेल तर ॲल्युमिनियम साठतं, ती भीती खरी.

सगळ्यात महागात पडतो तो वेगळाच समज: पातळ औषध चालू आहे, आता गोळी बिनधास्त घ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन्सच घटवतात. सुक्राल्फेट ती परत आणत नाही, अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर जंतूही मारत नाही. शी डांबरासारखी काळी झाली तर खाडा पडो, दवाखाना गाठायचा.

‘साखरेपासूनची असली रसायनं प्रयोगशाळेतच बनतात’ म्हणणाऱ्यांनी आईचं दूध आठवावं. फडावरच्या कोपीत जन्मलेल्या बाळालाही अनेकदा पहिलं पिवळं दूध टाळून मधाचं बोट चाटवतात. पण त्याच दुधात शंभराहून अधिक प्रकारच्या शर्करासाखळ्या असतात. बाळाला त्या पचत नाहीत. त्यांच्यावर आतड्यातले उपकारक जंतू पोसले जातात, आणि रोगजंतू आतड्याची भिंत सोडून त्यांनाच चिकटतात. हीच हूल आता मुद्दाम घडवली जातेय. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारात काही ई-कोलाय जंतू आतड्यावरच्या मॅनोज साखरेला आकड्याने धरतात. तो आकडा आधीच अडवणारे मॅनोजसारखे रेणू तयार झालेत. दुकानात मात्र ते अजून आलेले नाहीत.