यवतमाळच्या पत्त्यावर टायर मागवताना

एमएच-२९ पासिंगची गाडी वापरणाऱ्याला आता टायर, चैनसेट किंवा हेल्मेटसाठी दर वेळी यवतमाळ, पुसद नाहीतर वणी गाठावं लागत नाही. जिल्ह्याचे १६ तालुके. झरी-जामणीकडच्या एखाद्या गावातून साधी क्लच केबल आणायची म्हटली तरी अर्धा दिवस मोडतो. गाडी जरा वेगळ्या मॉडेलची असली की दुकानदार सांगतो, "नागपूरहून मागवून देतो, दोन दिवसांनी या." मोबाइलवरून तीच वस्तू घरपोच येते. लोक मागवतात, आणि त्यात काही चूक नाही. नुकसान होतं ते या खरेदीभोवती घट्ट बसलेल्या गैरसमजांमुळे. काही समज दुकानाच्या काउंटरवर तयार होतात, काही मोबाइलच्या पडद्यावर.

काउंटरवरचा सगळ्यात लाडका समज म्हणजे "ऑनलाइन माल डुप्लिकेटच असतो." सिएट कंपनीचा दुचाकी टायरचा कारखाना २०१६ पासून नागपूरजवळ बुटीबोरीत आहे. तिथला टायर यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या दुकानात येवो की कुरिअरच्या गाडीतून दिग्रसला जावो, टायर तोच. शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेकचे भाग बनवणारी एंड्युरन्स कंपनी छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजची. तिचे भाग नव्या गाडीलाही लागतात आणि सुटेही विकले जातात. म्हणजे वाहन कंपनीच्या डब्यात नसलेला प्रत्येक भाग नकली नसतो. नकली माल भरपूर निघतो तो इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, ब्रेक शू, फिल्टर, बेअरिंग अशा छोट्या, पटकन खपणाऱ्या वस्तूंत, आणि तो दुकानातही तितकाच सापडतो. ऑनलाइन घेताना पाहायचं ते साइटचं नाव नव्हे, विक्रेत्याचं नाव. एकाच साइटवर एकाच ब्रेक शूचे पाच विक्रेते असतात. त्यांतला कंपनीचा अधिकृत कोण आणि कालपरवा खातं उघडलेला कोण, हे वस्तूच्या पानावर बारीक अक्षरात दिलेलं असतं. विक्रेत्याचं नाव-पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली आणि परतीचे नियम काय, हे दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलं आहे. ते दिसत नसेल तर तिथून घेऊ नका.

टायरच्या बाबतीत खरा धोका नकलीपणाचा कमी आहे. टायरचा साचा बनवणं कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. धोका जुन्या टायरचा आणि चुकीच्या टायरचा आहे.

"पॅक टायर म्हणजे नवा टायर" हे अर्धंच खरं. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३ वा आठवडा, जून महिना. रबर न वापरताही म्हातारं होतं. उष्णता, ऊन आणि हवेतला ओझोन ते कडक करतात, आणि ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तिथे टिनाच्या शेडखाली दोन उन्हाळे काढलेला टायर आणि थंड, अंधाऱ्या गोदामात राहिलेला टायर सारखे नसतात. माझं मत विचाराल तर वर्षाच्या आतला घ्यावा, दोन वर्षांचा असेल तर किंमत पाडून मागावी, आणि त्याहून जुना, कितीही सूट असली तरी, परत करावा. ऑनलाइन घेताना ही तारीख आधी दिसत नाही, ही खरी उणीव. म्हणून पार्सल उघडलं की आधी ते चार आकडे पाहायचे. पंक्चरवाल्याने टायर रिमवर चढवला की परतीचा मार्ग बहुधा बंद होतो.

आता सगळ्यात महाग पडणारा समज: "साइज जुळला की झालं." आपल्याकडे खेड्यापाड्यात सर्वांत जास्त दिसणारी गाडी स्प्लेंडर. तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही टायरांचा साइज एकच, ८०/१००-१८. साइटवर हा आकडा टाकला की टायरांची रांग लागते आणि माणूस स्वाभाविकपणे त्यातला स्वस्त उचलतो. पण साइजच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. कंपनीने या गाडीच्या पुढच्या चाकाला ४७पी आणि मागच्याला ५४पी असा टायर ठरवून दिला आहे. पी हे वेगाचं अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. ४७ आणि ५४ हे भाराचे आकडे: ४७ चा टायर १७५ किलो पेलतो, ५४ चा २१२ किलो.

३७ किलोंचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. जून-जुलैत खत घेऊन घरी निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. गाडीचं वजन सुमारे ११२ किलो, चालवणारा ६५ किलोचा, मागे बसलेली व्यक्ती ५५ किलोची आणि युरियाचं एक पोतं ४५ किलोचं. एकूण २७७ किलो. मागचा माणूस आणि पोतं दोन्ही मागच्या चाकावर, म्हणून दोन तृतीयांश भार तिकडे धरला तरी तो १८५ किलोंच्या घरात जातो. ४७ चा टायर इथेच हद्द ओलांडतो. ५४ चा तग धरतो, तोही हवा पूर्ण असेल तर. दुसरं पोतं चढवलं की मागचा भार २१५ च्या आसपास, म्हणजे ५४ सुद्धा अपुरा. पुढच्या चाकाचा स्वस्त टायर मागे बसवून अशी गाडी उन्हाळ्यात किंवा पेरणीच्या दिवसांत रोज पळाली, तर टायरच्या बाजूची भिंत तापते, आतल्या दोऱ्याच्या थरांना मार बसतो, आणि मग एक दिवस बाजूला फुगा येतो. दोष मात्र "ऑनलाइन टायर टिकत नाही" असा लागतो. विक्रेत्याने चुकीची वस्तू पाठवलेली नसते. पानावर ४७पी असं लिहिलेलं असतंच. ते वाचायचं असतं हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. मागवण्याआधी गाडीवरच्या जुन्या टायरवरची पूर्ण ओळ आणि मालकाच्या पुस्तिकेतली ओळ पडताळून घ्या, फक्त पहिले तीन आकडे नको. आधीच्या मालकाने चुकीचा टायर बसवलेला असू शकतो, म्हणून पुस्तिका महत्त्वाची.

याचंच भावंड म्हणजे "रुंद टायर घातला की पकड वाढते." अरुंद रिमवर रुंद टायर दाबला जातो, त्याचा माथा टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग वाढेलच असं नाही. चैन कव्हरला किंवा स्विंगआर्मला तो घासतो, गाडी वळायला जड होते आणि ॲव्हरेज पडतं. तसंच "मॅग व्हील आहे म्हणजे ट्युबलेस बसणारच" हेही खरं नाही. ट्युबलेसच्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असतो आणि बहुतेक वेळा रिमवर तसं कोरलेलंही असतं. जुन्या कितीतरी गाड्यांच्या मॅग व्हीलमध्ये कंपनीनेच ट्यूब दिलेली आहे. तारांच्या साध्या चाकाचा तर प्रश्नच नाही, तिथे ट्यूब हवीच.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. कारचं ऑइल सवलतीत स्वस्त मिळतं आणि डब्यावरचा ग्रेडही सारखा दिसतो, म्हणून ते मोटारसायकलमध्ये ओतणारे आहेत. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं क्लच प्लेट घसरवतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं आहे का, ते पाहा. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी चालतं.

हेल्मेटच्या बाबतीत ऑनलाइन जगाने एक भलताच समज रुजवला आहे, तो म्हणजे "डीओटीचं हेल्मेट आयएसआयपेक्षा भारी." डीओटी ही अमेरिकेची खूण. तिथे उत्पादक स्वतःच जाहीर करतो की हेल्मेट मानकात बसतं. विक्रीआधी सरकारी प्रयोगशाळेची मंजुरी लागत नाही. ते स्टिकर छापून चिकटवणं तर आणखी सोपं. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीचं कोणतंही हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाप्रमाणे आयएसआय चिन्हाशिवाय बनवता, विकता किंवा आयात करता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या सुरक्षा सूचनेतही आयएसआय नसलेलं हेल्मेट घेऊ नका असं सांगितलं होतं, कारण असा माल बाजारात सर्रास होता. आयएसआयचंही नकली स्टिकर असतं, म्हणून चिन्हाखाली सीएम/एल अशा अक्षरांनंतर येणारा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये टाका. कोणत्या कारखान्याला कोणत्या वस्तूसाठी परवाना दिला आहे, हे तिथे लगेच दिसतं. हेल्मेटवरचं कंपनीचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं नाही, तर ते परत पाठवा. टायरलाही आयएसआय सक्तीचं आहे. दुचाकी-तीनचाकी टायरचं मानक आयएस १५६२७.

हेल्मेटचा साइज अंदाजाने मागवू नका. भुवयांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवा आणि त्या कंपनीचाच तक्ता पाहा. एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या लार्जएवढं असू शकतं. पट्टा लावून डोकं जोरात हलवल्यावर हेल्मेट स्वतंत्रपणे फिरत असेल तर ते सैल आहे. सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून निघून जातं. आतला पांढरा थर्माकोलसारखा थर एकदाच चिरडून धक्का शोषतो, म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून चकाचक दिसलं तरी बाद. जुन्या वस्तूंच्या साइटवरून वापरलेलं हेल्मेट घेऊ नये, ते यासाठी.

रायडिंग जॅकेटला आयएसआयची सक्ती नाही, त्यामुळे तिथे "सीई" लिहिलं की लोक निश्चिंत होतात. सीई कशाला मिळालं आहे, ते पाहा: आतल्या खांदा-कोपराच्या गाद्यांना की संपूर्ण जॅकेटला. गाद्यांचं मानक ईएन १६२१, जॅकेटचं ईएन १७०९२. आपल्याकडच्या उन्हात जाळीचं जॅकेट घ्या, नाहीतर ते खुंटीलाच लटकेल.

"ऑनलाइनला टॅक्स लागत नाही म्हणून स्वस्त." असं काही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीचे टायर आणि सुटे भाग यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि तो दुकानाला व साइटला सारखाच आहे. तुलना करताना बसवण्याची मजुरी, नवा व्हॉल्व्ह आणि डिलिव्हरीचा खर्च धरा. गावातला दुकानदार बहुधा टायर बसवून देतो आणि वॉरंटीचा दावा आला तर कंपनीच्या माणसाला तोच बोलावतो. दोनशे-तीनशे रुपयांच्या फरकासाठी ही सोय सोडावी असं मला वाटत नाही. हजाराचा फरक असेल तर मागवावा. दोन्हीकडे पक्कं बिल घ्याच.

"साइटवर मिळतं म्हणजे कायदेशीर आहे" हा तरुण मुलांचा समज त्यांच्या वडिलांना महागात पडतो. कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, आणि कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फटाक्यासारखा आवाज काढणारा सायलेन्सर विकणारा सुटतो, बसवणारा सापडतो. नंबर प्लेटचंही तसंच. 'आयएनडी' छापलेली, चक्र चिकटवलेली प्लेट खरेदीच्या साइटवर मिळते, पण ती उच्च सुरक्षा प्लेट नव्हे. खऱ्या प्लेटवर लेझरने कोरलेला क्रमांक वाहन नोंदणीशी जोडलेला असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या दुचाकीसाठी महाराष्ट्रात तिचा दर ४५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये आहे, आणि नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्यावरच करायची.

पैसे देण्याच्या पद्धतीबद्दलही गैरसमज आहे. कॅश ऑन डिलिव्हरी सुरक्षित वाटते, पण डबा उघडण्याआधीच पैसे गेलेले असतात. 'ओपन बॉक्स' पर्याय असेल तर तो घ्या, आणि वस्तू पाहून झाल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

शेवटचा समज लोकांना सर्वांत जास्त लुबाडतो: "कंपनी बंगळुरूची, विक्रेता दिल्लीचा, भांडायला तिकडे कोण जाणार?" कुठेच जायचं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ ने ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला. म्हणजे घाटंजी किंवा उमरखेडच्या माणसाला यवतमाळचा जिल्हा आयोग पुरे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा; त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, मग पानावर 'नो रिटर्न' लिहिलेलं का असेना. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. बोलताना हाताशी ठेवा: बिल, ऑर्डर क्रमांक, वस्तूच्या पानाचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट, डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ, आणि टायर असेल तर त्या चार आकड्यांचा आणि भाराच्या आकड्याचा जवळून काढलेला फोटो. तोही टायर चढवण्याआधीचा.