औषधाचे वावडे : नोंद हवी नेमकी

सन १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि प्रतिजैविक औषधांचे युग सुरू झाले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यामुळे हे औषध भारतातही तयार होऊ लागले. या औषधांनी असंख्य प्राण वाचविले. परंतु काही थोड्या व्यक्तींना त्यांचे वावडे असते. अशा व्यक्तीस ते औषध पुन्हा दिल्यास श्वास कोंडून, रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते.

पाळीचा रुग्ण कधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे, कधी साखळी वा डिचोलीच्या आरोग्य केंद्रात, तर कधी बांबोळीच्या इस्पितळात जातो. प्रत्येक ठिकाणचा केसपेपर निराळा. त्यामुळे एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी पोहोचेलच असे नाही.

‘पेनिसिलिन चालत नाही’ एवढीच नोंद मात्र अपुरी होय. मळमळ, जुलाब हे बहुधा औषधाचे दुष्परिणाम असतात, वावडे नव्हे. अंगावर गांधी उठणे, ओठ वा चेहरा सुजणे, धाप लागणे ही वावड्याची लक्षणे होत. पाश्चात्त्य देशांत पेनिसिलिनचे वावडे नोंदलेल्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांना, तपासणीअंती, ते औषध चालते असे आढळले आहे. चुकीच्या नोंदीमुळे गुणकारी औषध नाकारले जाते. संधिवाती तापाने हृदय दुखावलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. त्याच्या बाबतीत अशी चूक फार महाग पडते.

म्हणून केसपेपरवर पुढील गोष्टी ठळकपणे नोंदविणे आवश्यक आहे :

१) औषधाचे मूळ नाव, केवळ व्यापारी नाव नव्हे. ॲम्पिसिलिन व ॲमॉक्सिसिलिन ही पेनिसिलिनच्याच कुळातील आहेत.

२) औषध गोळी की इंजेक्शन, व कोणत्या साली घेतले.

३) नेमके काय झाले आणि औषध घेतल्यापासून किती वेळाने.

४) कोणते उपचार करावे लागले.

हीच माहिती डॉक्टरांकडून एका कार्डावर लिहून घेऊन रुग्णाने सदैव जवळ बाळगावी. शिक्षकांनीही पालकांकडून ती मिळवून विद्यार्थ्याच्या आरोग्यपत्रिकेत उतरवावी. जुनी नोंद संशयास्पद वाटल्यास रुग्णाने स्वतः प्रयोग करू नये. तिची शहानिशा डॉक्टरांनीच करावयाची असते.

चार ओळींची ही नोंद लिहिण्यास फारसा वेळ लागत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी मात्र तीच रुग्णाचे प्राण वाचवू शकते.