'टेरिबल टेड'ची बर्फाबाहेरची लढाई

मार्च १९५६ मधील घटना. टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये डेट्रॉईट रेड विंग्जचा सामना होणार होता. टेड लिंडसे आणि गॉर्डी हाऊ हे डेट्रॉईटचे दोन खेळाडू मैदानात उतरले, तर त्यांना गोळ्या घालू, अशी धमकी एका निनावी माणसाने सामन्यापूर्वी दूरध्वनीवरून दिली. दोघेही उतरले. जादा वेळेत विजयी गोल लिंडसेनेच केला आणि सामना संपताच हातातील स्टिक बंदुकीसारखी धरून ती प्रेक्षकांच्या दिशेने रोखत त्याने बर्फावर चक्कर मारली. उत्तर अमेरिकेतील क्रीडारसिकांना लिंडसे आठवतो तो प्रामुख्याने या प्रसंगामुळे. त्याचे खरे धाडस मात्र त्यानंतर वर्षभराने दिसले आणि त्याची त्याला मोजावी लागलेली किंमतही मोठी होती.

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायात स्केट्स, चेंडूऐवजी कठीण रबराची चकती आणि धक्काबुक्कीला नियमांचीच मुभा. या खेळातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये १९४२ ते १९६७ या काळात अवघे सहा संघ होते : माँट्रियल, टोरांटो, डेट्रॉईट, शिकागो, बोस्टन आणि न्यूयॉर्क. म्हणजे जगभरात मिळून जेमतेम सव्वाशे जागा. दुय्यम लीगमध्ये त्या जागांवर डोळा ठेवून शेकडो तरुण बसलेले. मालकांची खरी ताकद या गणितात होती.

२९ जुलै १९२५ रोजी ऑन्टारिओतील रेनफ्रू येथे जन्मलेला लिंडसे वाढला तो कर्कलंड लेक या खाणकामगारांच्या गावात. वडील बर्ट लिंडसे हेही व्यावसायिक हॉकीत गोलरक्षक होते. टेड १९४४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डेट्रॉईटकडून खेळू लागला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. पण डाव्या बगलेवरून तो अशा त्वेषाने चाल करी की, त्याच्याहून धिप्पाड बचावपटूही बिचकत. 'टेरिबल टेड' हे नाव त्याला त्यातूनच चिकटले. मध्ये सिड एबल, उजवीकडे हाऊ आणि डावीकडे लिंडसे या त्रिकुटाला मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉईट शहराने 'प्रॉडक्शन लाइन' म्हटले, ते साहजिकच होते. १९५०, १९५२, १९५४ आणि १९५५ अशी चार वेळा या संघाने स्टॅन्ले चषक जिंकला. १९४९-५० च्या हंगामात ७८ गुण मिळवून लिंडसे लीगमध्ये अव्वल ठरला. (गोल आणि गोलसाहाय्य या दोहोंसाठी येथे एकेक गुण धरला जातो.) कारकिर्दीत त्याने १०६८ सामन्यांत ३७९ गोल केले आणि १८०८ मिनिटे शिक्षा म्हणून मैदानाबाहेर काढली. हा हिशेब तीस तासांहून अधिक भरतो!

अशा खेळाडूला मालकांशी भांडण्याचे कारण काय? कारण करारात होते. एकदा करारावर सही केली की खेळाडू त्या संघाचा कायमचा बांधील. संघ त्याला विकू शकत असे, अदलाबदलीत देऊ शकत असे, दुय्यम लीगमध्ये धाडू शकत असे. खेळाडूला मात्र दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याचीही सोय नव्हती. सत्तर सामन्यांचा हंगाम खेळून उन्हाळ्यात दुसरी नोकरी करणारे खेळाडू थोडेथोडके नव्हते. सहकाऱ्याला किती वेतन मिळते, हे एकमेकांना ठाऊक नसे. त्यातच दूरचित्रवाणीवरून सामने दाखवले जाऊ लागले आणि त्या उत्पन्नातही खेळाडूंचा वाटा नव्हता.

ठिणगी पडली ती निवृत्तिवेतनावरून. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक खेळाडूच्या वेतनातून वर्षाला ९०० डॉलर जात. लिंडसे आणि माँट्रियलचा डग हार्वे हे योजनेच्या मंडळावर खेळाडूंचे प्रतिनिधी होते. पैशांचे काय होते, हे त्यांनी विचारले. हिशेबाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या नाहीत.

बेसबॉल खेळाडूंसाठी काम केलेल्या न्यूयॉर्कच्या वकिलांना लिंडसे भेटला. एकेका संघातील विश्वासू खेळाडू गाठून, शंभर-शंभर डॉलर वर्गणी गोळा करत त्याने गुपचूप बांधणी केली. एका संघातील खेळाडूंनी दुसऱ्या संघातील खेळाडूंशी बोलूही नये, असा दंडक असलेला तो काळ. तरीही लीगमधील जवळजवळ प्रत्येकाने सही केली. फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडू संघटनेची घोषणा झाली तेव्हा मालकांना धक्का बसला. अध्यक्ष लिंडसे, उपाध्यक्ष हार्वे. लिंडसेला ही जोखीम परवडली याचे एक कारण बर्फाबाहेरचे होते : सहकारी मार्टी पॅव्हेलिच याच्यासह त्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता. त्यामुळे त्याची चूल केवळ सरव्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स यांच्या मर्जीवर पेटत नव्हती.

त्या १९५६-५७ च्या हंगामात लिंडसेने ३० गोल आणि ५५ गोलसाहाय्य अशी ८५ गुणांची, कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी केली. लीगमध्ये त्याच्यापुढे होता तो एकटा हाऊ. आणि जुलैमध्ये डेट्रॉईटने त्याला शिकागोच्या स्वाधीन केले. सोबत तरुण गोलरक्षक ग्लेन हॉल यालाही पाठवले. शिकागो हा तेव्हा तळाला असलेला संघ. शिवाय डेट्रॉईट आणि शिकागो या दोन्ही संघांवर नॉरिस कुटुंबाचीच सत्ता होती. ही अदलाबदल नव्हती, हद्दपारी होती. टोरांटोतील संघटनेचा पदाधिकारी जिम थॉमसन याचीही रवानगी शिकागोलाच झाली. लिंडसे अवाच्या सवा वेतन घेतो, असे चित्र उभे करण्यासाठी अ‍ॅडम्स यांनी पत्रकारांना फुगवलेल्या आकड्याचा खोटा करार दाखवला, अशी हकिकत लिंडसे पुढे सांगत असे.

संघटनेने ऑक्टोबरमध्ये लीगविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तीस लाख डॉलरचा दावा दाखल केला. टोरांटोच्या खेळाडूंच्या वतीने ऑन्टारिओच्या कामगार मंडळाकडे संघटनेच्या मान्यतेसाठी अर्जही गेला. पण त्याच नोव्हेंबरमध्ये डेट्रॉईटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले. कर्णधार रेड केली आणि वर्षानुवर्षे लिंडसेच्या जोडीने खेळलेला हाऊ हे त्यांच्यात होते. या दोघांना भित्रे ठरवणे सोपे आहे. परंतु ज्याचे पोट एकाच मालकाच्या एका सहीवर अवलंबून आहे, त्याच्यासमोर शिकागोचे ताजे उदाहरण होते, हेही विसरता येत नाही.

फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. किमान वेतन ७००० डॉलर, निवृत्तिवेतनात मालकांचा वाढीव वाटा, बदली झाल्यास स्थलांतराचा खर्च, प्रदर्शनी सामन्यांवर मर्यादा. संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही आणि ती विरून गेली. शिकागोत तीन हंगाम काढून लिंडसे १९६० मध्ये निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी ग्लेन हॉलच्या गोलरक्षणाच्या बळावर शिकागोने स्टॅन्ले चषक जिंकला. अ‍ॅडम्स यांच्या सूडाचा लाभ झाला तो असा!

१९६४ मध्ये डेट्रॉईटची सूत्रे जुना साथी सिड एबल याच्याकडे होती. त्याच्या आग्रहावरून एकोणचाळीस वर्षांचा लिंडसे पुन्हा लाल पोशाखात उतरला, १४ गोल केले आणि मगच थांबला. १९६६ मध्ये हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली. समारंभ केवळ पुरुषांसाठी असल्याचे कळताच, पत्नी-मुलांना प्रवेश नसेल तर आपणही येणार नाही, असे सांगून तो घरी राहिला. पुढील वर्षी नियम बदलला.

खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहिली ती १९६७ मध्ये. तिचा प्रमुख अ‍ॅलन ईगलसन हाच पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यात १९९८ मध्ये तुरुंगात गेला, ही वेगळीच शोकांतिका. निवृत्तिवेतनाच्या वह्या अखेर न्यायालयात उघडल्या. माजी खेळाडूंच्या दाव्यात १९९२ मध्ये ऑन्टारिओच्या न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचे अपील ऐकण्यास नकार दिला. सुमारे चार कोटी डॉलर खेळाडूंच्या पदरी पडले. दावेदारांच्या यादीत एक नाव गॉर्डी हाऊ याचे होते.

लिंडसेचे ४ मार्च २०१९ रोजी वयाच्या ९३व्या वर्षी निधन झाले. लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूला २०१० पासून जो 'टेड लिंडसे पुरस्कार' दिला जातो, त्यासाठी मतदान करतात ते खेळाडू संघटनेचे सदस्य.